गुडघ्यात माझ्याच पेशी पुन्हा बसवल्या, त्याचा अनुभव

हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. सांध्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असतं, त्या कूर्चेचं तसं नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे जखम आपोआप भरत नाही. माझ्या गुडघ्यातल्या कूर्चेत पडलेला खड्डा ३ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा होता.

यावर एक उपाय असा: खड्ड्याखालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडली की अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) रक्ताबरोबर वर येतात आणि खड्डा भरतात. पण तयार होते ती तंतुमय कूर्चा, मूळच्या कूर्चेइतकी टिकाऊ नसते. लहान खड्ड्याला ते चालतं. माझ्यासाठी डॉक्टरांनी दुसरी वाट सुचवली: माझ्याच कूर्चापेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत बसवायच्या. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली या उपचाराचे निकाल प्रसिद्ध केले होते, म्हणजे हा कालपरवाचा प्रयोग नव्हे. या पेशी स्टेम सेल नाहीत, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर पेशी कोणत्या, कुठून घेतल्या आणि मान्यता कोणाची, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिली शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. जिथे फारसा भार येत नाही तिथून कूर्चेचे छोटे तुकडे घेतले. मग काही आठवडे थांबायचं. दुसऱ्या वेळी गुडघा उघडून खड्ड्याच्या कडा साफ केल्या आणि पेशी पेरलेला कोलॅजेन या प्रथिनाचा पडदा त्याच मापाचा कापून फायब्रिनच्या (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या) गोंदाने चिकटवला. हा कोलॅजेन डुकरापासून मिळवलेला असतो. कोणाला हरकत असेल तर आधीच बोलावं.

खरी परीक्षा त्यानंतर. पायावर भार टाकायचा नाही, पण गुडघा हलता ठेवायचा. सुरुवातीला मशीन तो सावकाश वाकवून सरळ करायचं. कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि हालचालीने तो द्रव आत-बाहेर खेळता राहतो, हे फिजिओथेरपिस्टने समजावलं, तेव्हा कंटाळवाणा व्यायामही मी मनापासून करू लागले. दुखणं कमी झालं की कुबड्या टाकून द्याव्याशा वाटतात, आणि धोका नेमका तिथेच असतो. नवी कूर्चा सुरुवातीला मऊ असते, तिला घट्ट व्हायला महिनोन् महिने लागतात. घरच्यांनाही हे कळलेलं बरं, कारण “आता तर बरी दिसतेस” हे वाक्य रोज ऐकावं लागतं.

आता मी कठडा न धरता जिना उतरते. धावायची परवानगी अजून मिळालेली नाही. पुढच्या एमआरआयनंतर डॉक्टर ठरवतील.