गोठवलेला उंदीर: आधी थंडीत वितळवणे, मग तापवणे

सापाला द्यायचा गोठवलेला उंदीर आधी फ्रीजच्या थंडीतच पूर्ण वितळला पाहिजे आणि त्यानंतर, प्रत्यक्ष देण्याच्या वेळी, थोडा वेळ तापवला पाहिजे. ही दोन कामे वेगळी आहेत. ती एकाच भांड्यात उरकू पाहणाऱ्यांच्या सापांना पुढे जो त्रास होतो, तो बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा असतो. माझ्याकडे बॉल पायथन आहे आणि आम्ही बेळगावात राहतो. इथला पावसाळा, इथली वीज आणि एकत्र कुटुंबातले स्वयंपाकघर या तिन्ही गोष्टी सांभाळून हे काम कसे करावे, हे आपल्या भागातल्या सर्पपालकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाग, घोणस, धामण, अजगर यांसारखे आपले देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि खानापूर-जांबोटीच्या रानाला लागून राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते विशेष ध्यानात ठेवावे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप आहे. तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. ज्यांनी ती केलेली नाही, त्यांनी आधी ती करावी.

जिवंत उंदीर का देऊ नये, असे मला पुष्कळ जण विचारतात. सापाच्या बंद पेटीत कोंडलेला उंदीर जिवाच्या भीतीने चावतो, आणि भूक नसलेला साप त्याच्यापासून दूर जाऊ शकत नाही. अशा चाव्यांनी सापाचे डोळे आणि पाठीची कातडी कायमची जायबंदी होते. उंदराच्या दृष्टीनेही ते मरण क्रूर आहे. वेदना न देता मारून लगेच गोठवलेला उंदीर दोघांच्याही दृष्टीने बरा, असे मी मानतो. मात्र गोठवल्याने साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत, ते केवळ निपचित पडून राहतात, आणि वितळवण्याच्या पद्धतीला इतके महत्त्व याच कारणामुळे आहे.

उंदराच्या शरीरात जिवाणूंचा सर्वांत मोठा साठा आतड्यांत असतो. गोठलेला उंदीर थेट कढत पाण्यात टाकला की वरची कातडी आणि पोट लवकर मऊ होते, पण बरगड्यांच्या आतला भाग अजून बर्फासारखा कडक असतो. म्हणजे बाहेर जिवाणूंना वाढायला पोषक ऊब मिळते, आत मात्र बर्फ राहतो, आणि पोटाची कातडी फाटते ती वेगळीच. साप घास चावत नाही, अख्खा गिळतो. त्यामुळे आतला गारठा तसाच त्याच्या पोटात जातो आणि काही दिवसांत तो उंदीर ओकून टाकतो. मायक्रोवेव्हचा विचारही करू नये, कारण त्यात उंदीर एका जागी शिजतो, दुसऱ्या जागी गोठलेलाच राहतो आणि पुष्कळदा फुटतो.

माझी पद्धत अशी आहे. आदल्या रात्री उंदीर फ्रीझरमधून काढून हवाबंद पिशवीत घालायचा, ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि डबा फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, साधारण ४ अंश सेल्सियसला, सकाळपर्यंत राहू द्यायचा. लहान पिंकी, म्हणजे केस न आलेले उंदराचे नवजात पिल्लू, काही तासांतच वितळते. मोठ्या उंदराला पूर्ण रात्र आणि कधी दुसऱ्या दिवसाची दुपारही लागते. वितळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. पोटावर आणि छातीवर बोटाने दाबून पाहावे, आत कडक गोळा लागला तर आणखी थांबावे. अगदीच घाई असेल तर पिशवीसह गार पाण्यात बुडवून ठेवावा, पण ऊन पाण्यात नव्हे.

तापवण्याचे काम संध्याकाळचे. बॉल पायथन निशाचर आहे, त्यामुळे दिवेलागणीनंतरची वेळ उत्तम. पूर्ण वितळलेला उंदीर पिशवीतच ठेवून सुमारे ४० ते ४३ अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा. पावसाळ्यात आमच्या घरात भांड्यातले पाणी फार लवकर निवते, म्हणून मी मधे एकदा पाणी बदलतो. शेवटी डोक्याचा भाग आणखी थोडा वेळ पाण्यात धरतो. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, आणि भक्ष्याचे डोके कुठल्या बाजूला आहे हे त्याला ऊबेवरून उमगले तर तो अचूक झडप घालतो. बाहेरून ३८ अंशांच्या आसपास भरला की पुरे. मग कागदाने कोरडा करून लांब चिमट्याने पुढे करावा. ओल्या केसांना पेटीतला नारळाचा भुसा चिकटतो आणि तोही पोटात जातो. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला असे खड्डे नसतात, तो प्रामुख्याने वासावर चालतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत तापमानाचा इतका काटेकोरपणा लागत नाही.

आता विजेविषयी, कारण आपल्या भागात सगळे तिथेच अडते. जूनपासून वादळी पावसात वीज कधी जाईल आणि कधी येईल हे सांगता येत नाही, आणि खेड्यांत तर हा खोळंबा रात्रभर चालतो. न उघडलेला, गच्च भरलेला फ्रीझर सुमारे दोन दिवस गारवा धरतो, अर्धा भरलेला एक दिवसच. म्हणून रिकाम्या जागेत मी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो. वीज आल्यावर उंदरात बर्फाचे खडे शिल्लक असतील तर तो राहू द्यावा, पण मऊ आणि कोमट झालेला उंदीर पुन्हा गोठवू नये. मन कितीही हळहळले तरी तो टाकूनच द्यावा. पुण्याहून किंवा बंगळूरहून रात्रीच्या बसने येणाऱ्या थर्माकोलच्या पेटीलाही मी हाच नियम लावतो आणि पेटी उतरवून घेतल्यावर पहिल्यांदा हात आत घालून पाहतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वीज जाण्याची चिन्हे असताना सापाला जेवू घालूच नये. पचनासाठी पेटीची एक बाजू ३१-३२ अंश असावी लागते. हीटर बंद पडून पेटी आपल्या पावसाळी घराइतकी, विशीतल्या तापमानाला आली तर पचन मंदावते आणि पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो. ढग भरून आलेले असले की मी वितळलेला उंदीर फ्रीजमध्येच राहू देतो. फ्रीजमध्ये तो एक दिवस चालतो, त्यानंतर नाही.

आमच्या घरी आई-आजी शाकाहारी आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकाच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवणे मला स्वतःलाही पटत नव्हते, म्हणून एक लहान जुना फ्रीज मागच्या खोलीत वेगळा ठेवला आहे. आरोग्याच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे. भांडे, चिमटा, पुसण्याचे कापड सगळे वेगळे असावे, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय लहान मुलांना जवळ घेऊ नये.

निपाणी-चिकोडीकडचे आमचे एक मामा दर सुगीला आग्रह करतात, ‘अरे, विकतचे कशाला आणतोस? आमच्या उसात पाहिजे तेवढे उंदीर आहेत.’ त्यांचे प्रेम मला कळते, पण शेतात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन या उंदीरनाशकांची आमिषे ठेवलेली असतात. ब्रोमाडायोलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस हिंडत राहतो, आणि त्याच्या अंगातले विष गोठवल्याने जात नाही. शिवाय रानउंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो, त्यामुळे ते हाताळणाऱ्यालाही धोका असतो. मामांना मी दर वेळी हेच सांगतो.

एवढे सगळे करूनही साप कधी कधी उंदीर नाकारतो. विशेषतः थंडीत मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे काही खात नाही आणि तरीही ठणठणीत असतो. अशा वेळी उंदीर पेटीत रात्रभर पडू न देता दोन-तीन तासांत काढून कागदात गुंडाळून टाकावा आणि आठवडाभर नव्याने प्रयत्न करू नये. मी स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्याच, पण वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर सापाचे वजन करून वहीत लिहितो. वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरले, किंवा साप गिळलेले ओकू लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला दाखवावे. अशा वेळी ती वही, शेवटच्या जेवणाची तारीख आणि पेटीचे तापमान डॉक्टरांना सोबत द्यावे.