काकांचं सोंग आणि सरांचा शब्दकोश

नववीत असताना सहामाहीच्या निकालादिवशी मी एका जिवलग मित्राला भर वर्गात 'हिपोक्रिट' म्हणालो. 'माझा काहीच अभ्यास झाला नाही' म्हणत राहिला आणि पहिला आला, एवढाच त्याचा गुन्हा. शब्द नुकताच धड्यात भेटला होता, अर्थ पाठ होता : ढोंगी.

इंग्रजीच्या सरांनी ते ऐकलं. ओरडले नाहीत. मला ग्रंथालयात नेलं, जाडजूड शब्दकोश उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मूळ ग्रीक शब्द 'हिपोक्रितेस', अर्थ नाटकातला नट.

"तुझो काका रात्री राजाचा सोंग घेता. तो ढोंगी काय रे?" सरांनी विचारलं.

काका दशावतारी. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, अशी त्यांची सगळी हयात गेली. मला बोलवेना.

मग सरांनी अथेन्स उभं केलं. ॲक्रोपोलिसच्या उतारावर डायोनिससच्या उत्सवात होणारी नाटकं, मुखवटे घातलेले नट, बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. अगदी आपल्या दशावतारासारखं. मूळ क्रियापदाचा अर्थ 'उत्तर देणे', पुढे 'भूमिका करणे'. त्यात निंदा नव्हती. ग्रीकमध्ये लिहिलेल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, लोकांनी पाहावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर प्रार्थना करणाऱ्यांना येशूच्या तोंडी हाच शब्द आहे. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात तो इंग्रजीत पोचला, तोवर त्यातला नट गेला होता, ढोंगी तेवढा उरला.

नटावरचा हा अन्याय मला आजही सलतो. काका राजा झाले की समोर बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असायचं, हा अमक्याचा बाबा. कुणाची फसवणूक नव्हती. मराठीनं 'सोंग' शब्दात दोन्ही अर्थ जपले. सोंग छान वठलं ही दाद, आणि झोपेचं सोंग घेतलं हा आरोप.

मित्राची माफी मी त्याच मधल्या सुट्टीत मागितली. घरी गेलो तर काका पडवीत बसून खोबरेल तेलानं कानामागचा रंग काढत होते. मी फडकं घेतलं आणि मानेवरचा पुसून दिला. तोवर त्यांच्या रंगाला कधी हात लावला नव्हता.

काका आता नाहीत. त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या तीन बोटांचे लाल ठसे अजून आहेत.