सेरेंगेटी नोंदवही, टप्पा तिसरा: पिल्लं किती, माद्या किती

मागच्या टप्प्यात विल्डबीस्टची (आफ्रिकेतल्या, कळपानं फिरणाऱ्या मोठ्या कुरंगाची) नुसती डोकी मोजली. आता प्रश्न वेगळा: 100 माद्यांमागे पिल्लं किती? यंदा कळपाची कूस कशी उजवली हे एकूण आकड्यावरून कळत नाही, या गुणोत्तरावरून कळतं. जागा टांझानियातलं एनदुतूचं आखूड गवताचं मैदान, महिना फेब्रुवारी.

मैदान हेच का? माती ज्वालामुखीच्या राखेची. गवत बोटभर, पण कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, अंगावर पाजणाऱ्या मादीला हवं तेच. आडोसा नाही, त्यामुळे तरस लांबूनच नजरेत येतो. पाऊस थांबला की डबक्यांचं पाणी खारं होतं आणि विल्डबीस्ट उत्तर-पश्चिमेकडे चालू पडतात. काम त्याआधी उरकायचं.

ओळख पटवणं. सगळा घोळ इथेच होतो. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. पोटाखालचा काळ्या केसांचा झुपका बघून 'नर' लिहिणारे फसतात, कारण तसा झुपका माद्यांनाही असतो. शिंगांचा बुंधा बघा: नराचा जाड आणि कपाळावर रुंद पसरलेला, मादीचा बारीक. एकवर्षी जनावराची शिंगं सुळ्यासारखी सरळ; दुसऱ्या वर्षी ती बाजूला झुकतात आणि टोकं आत वळू लागतात. ताजं पिल्लू फिकट तपकिरी असतं, ते चुकत नाही. पण दोनेक महिन्यांत रंग गडद होतो, म्हणून एप्रिलचे फोटो या हिशेबात मिसळू नका.

एकवर्षींचा रकाना कंटाळा करून गाळू नका. बुळकांडी (गुरांचा साथीचा रोग) असताना मरत होती ती मुख्यतः याच वयाची. आजूबाजूच्या पाळीव गुरांना लस टोचली आणि रोग रानातूनही गेला. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेला कळप 1970च्या दशकाच्या अखेरीस 13 लाखांवर पोचला.

फोटो. सकाळी लवकर, ऊन पाठीशी घेऊन, कळप आडवा चालत असताना. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबच्या जनावराची शिंगं विरघळल्यासारखी दिसतात; मग लेन्स कितीही महाग असो. पिल्लू आईच्या पलीकडच्या कुशीला चालत असेल तर एका फोटोत ते निसटतं आणि गुणोत्तर खाली येतं. सलग 5-6 फोटो घ्या, मोजणी मात्र त्यातल्या एकाच चौकटीत करा आणि बाकीचे पडताळणीला ठेवा. रकाने पाच: पिल्लू, एकवर्षी, मादी, नर, प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं दहा टक्क्यांवर गेली तर तो फोटो बाद. आणि एकाच कळपावर विसंबू नका. लेकुरवाळ्या माद्या एकीकडे, सडाफटिंग नरांची टोळकी दुसरीकडे, अशी विभागणी असते. किमान आठ-दहा वेगळे गट हवेत.

जन्माच्या नोंदी. बहुतेक पिल्लं दुपारच्या आत जन्मतात. मादी आडवी होते, आधी पुढचे खूर दिसतात, मग डोकं. डोकं बाहेर येईपर्यंत ती कळ थोपवून उठून पळू शकते. गाडी जवळ नेली तर नेमकं हेच होतं. पिल्लू जमिनीवर पडलं की घड्याळ सुरू. चारही पाय टेकून उभं राहिलं की बंद. मधली धडपड उभं राहणं म्हणून धरायची नाही. सरासरी 6-7 मिनिटं. हंगामातली सुमारे 80 टक्के पिल्लं दोन-तीन आठवड्यांत येतात. शिकारी खाऊन खाऊन किती खाणार! आगेमागे जन्मलेल्यांचे हाल जास्त.

चुकलेलं पिल्लू हलणाऱ्या कशाच्याही मागे लागतं, गाडीच्या आणि तरसाच्यासुद्धा. ते गाडीकडे आलं तर इंजिन बंद करा आणि स्वस्थ बसा. गाडी पुढे काढली की ते मागे धावतं आणि आईपासून आणखी लांब जातं. आई वासावरून पोर ओळखते, परक्याला शिंगानं ढकलून देते, म्हणून 'दत्तक घेतलं' असं लिहिण्याआधी दूध पाजलेलं दिसलं पाहिजे.

पुढचा टप्पा मे अखेर ते जून, माजाचा. तिथे रकाने बदलतील: नराची जागा, शेजारच्या नरापर्यंतचं अंतर, गुडघे टेकून झालेल्या टकरी, आणि तो त्या जागेवर किती वेळ टिकला. ही ठाणी कळपाबरोबर हलतात, काही तर तासाभरात मोडतात, त्यामुळे वेळेची नोंद मिनिटांत.