बारीक झालेले नातेवाईक आणि हरवलेल्या तारखा

बुधवार, रात्री सव्वाअकरा

आज पाचवा दिवस. कॉम्प्युटर अजून घरघरतोय, आणि आई मगाशी दारात येऊन विचारून गेली, "झालं का गं, की उद्या परत तेच?" तिला कसं सांगू की हे काम होत आलं की परत पहिल्यापासून सुरू होतं.

झालं असं की पुढच्या आठवड्यात नाशिकची मावशी येतीये आणि आईला तिच्याबरोबर बसून आज्जीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ टीव्हीवर बघायचाय. हँडीकॅम बाबांनी २००८ च्या दसऱ्याला घेतलेला, टेपचा नाही, आत ३० जीबीची हार्ड डिस्कच असलेला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक होतं, भारी क्वालिटीला सुद्धा सात तास मावायचं म्हणून बाबा कॅमेरा बंदच करायचे नाहीत. लग्नाला गेलो तरी अर्धा तास चपलांचं शूटिंग. तो कॅमेरा केव्हाच मेला, पण दादाने फाईली काढून ठेवल्या होत्या म्हणून म्हटलं काय, पेन ड्राईव्हवर टाकायच्या आणि लावायच्या. टीव्ही म्हणाला फॉरमॅट चालत नाही.

फाईलींचं शेपूट डॉट एमओडी. नेटवर वाचलं की आत साधा एमपेग-२ च असतो, म्हणजे डीव्हीडीत असतो तोच, नुसतं शेपूट बदलून एमपीजी करा, चालतं. केलं आणि चाललं सुद्धा! पाच मिनिटं मी स्वतःवर जाम खूश. मग लक्षात आलं की सगळे बारीक दिसतायत. काका बारीक, आत्या बारीक, कार्यालयातला आचारीसुद्धा काठीसारखा. आई म्हणाली, "राहू दे की, मी तेव्हा अशीच होते." मी जुना अल्बम आणून दाखवला नाही, सुज्ञपणा.

कारण कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली. कॅमेऱ्याने शूटिंग रुंद केलं होतं, १६:९, पण हे रुंद आहे ही खूण व्हिडिओच्या फाईलमध्ये लिहिलीच नव्हती, ती शेजारच्या एका इटुकल्या एमओआय फाईलमध्ये होती. ती नसली की कॉम्प्युटर समजतो जुना चौकोनी ४:३ असेल आणि सगळ्यांना पाऊण रुंदीत बसवतो. आणि एमओआय फाईली आमच्याकडे नाहीत. दादाला फोन लावला. तो म्हणे, "अगं मी २०१९ ला सगळं क्लाऊडवर चढवलं तेव्हा त्या उघडतच नव्हत्या, म्हटलं कचरा असेल." त्याच फाईलीत क्लिप कधी शूट झाली ती तारीख आणि वेळ पण असते. आता तो क्लाऊडवरून उतरवलेला माल बघितला तर सगळ्या क्लिपांवर एकच तारीख, जून २०१९. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते आज्जी, दादाची मुंज, विसर्जन, चपला, सगळं एकाच दुपारी झालं.

रुंदीचं सोपं निघालं. एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमने चित्राला हात न लावता नुसती ती खूण बदलता येते, काही सेकंदांचं काम. पण टीव्हीला एमपीफोर दिली की तो कुरकुर करत नाही, फोनवरही पाठवता येते, म्हणून मग हँडब्रेक हे व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात एच.२६४, म्हणजे एमपीफोरच्या आत असतो तो नेहमीचा फॉरमॅट, करून घ्यायचं. सतरा क्लिपा रात्रभर लावल्या. सकाळी उघडलं तर विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलवाल्यांच्या हातात टिपरूऐवजी फणी! म्हणजे खरंच, टिपरूच्या कडेला फणीसारखे दात. हा कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं घेतो, एकदा एकआड एक ओळी, पुढच्या वेळी मधल्या ओळी, जुन्या टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकत्र दाखवतो आणि तेवढ्यात टिपरू कुठल्या कुठे गेलेलं असतं. आज्जी संथ हलायची म्हणून तिच्या क्लिपमध्ये मला कळलंच नाही. डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं, ते चालू करून, सेकंदाला फ्रेम २५ च्या जागी ५० ठेवून परत सगळं लावलं. पंचविसावर पण चालतं, पण ढोलाचा हात जरा अडखळतो, पन्नासावर तो हात असा काही पडतो की बाबा आतल्या खोलीतून उठून आले. "हे लक्ष्मी रोडचं." हो बाबा. "कोणतं वर्ष?"

तेच तर. मग कालपासून मी कन्व्हर्ट कमी आणि हेरगिरी जास्त करतीये. मिरवणुकीत निम्म्या लोकांच्या तोंडाला मास्क, म्हणजे स्वाईन फ्लूचं साल, २००९, कारण मास्कचं दुसरं साल २०२० आणि त्या वर्षी मिरवणूकच नव्हती. एका क्लिपमध्ये रस्त्याच्या कडेला जिगर वाघाचं होर्डिंग, पुण्यातल्या कॉमनवेल्थ यूथ गेम्सचा शुभंकर तो, म्हणजे ऑक्टोबर २००८, कॅमेरा नवा कोरा. स्कूटरवर मागे बसून काढलेली गरवारे कॉलेज ते नळ स्टॉप अशी एक आहे, त्यातून साल कळत नाही, पण मेट्रोचे खांब नसलेला कर्वे रोड मी दोनदा बघितला. केवढं आकाश होतं त्या रस्त्याला.

आज्जीचा मात्र पत्ता लागेना. आई म्हणते २००९, दादा म्हणतो २०१०. औक्षणाच्या मागे भिंतीवर कालनिर्णय आहे, म्हटलं झालं, सुटलं कोडं. मूळ चित्र ७२० बाय ५७६, मोठं केलं तर महिन्याच्या जागी राखाडी डाग. मग शहाणपणा करून ती क्लिप फुल एचडीत कन्व्हर्ट केली, फाईल भलीमोठी झाली, आणि डाग मोठा डाग झाला. जे शूट करतानाच आलं नाही ते नंतर कुठून येणार, हे मला माहीत होतं तरी केलं.

आज संध्याकाळी आवाज वाढवून परत बघितली. ८१ दिव्यांचं ताट आज्जीपुढे येतं, आणि पंखे थांबतात. अंधार, नुसते दिवे आणि दिव्यांत आज्जीचा चेहरा, कॅमेऱ्याला इतक्या कमी उजेडात फोकस जमत नाहीये, सगळं दाणेदार. गुरुजी थांबत नाहीत. आणि मागून काकांचा आवाज, "आज गुरुवार नाही का, जाणारच." आज्जी हसते.

पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारीच. साल नाही, पण वार मिळाला. फाईलचं नाव ठेवलं: आज्जी सहस्रचंद्रदर्शन गुरुवार. मूळ एमओडी फाईली दोन ठिकाणी ठेवल्यात आणि दादाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

आत्ता शेवटच्या सहा क्लिपा रांगेत आहेत, हँडब्रेक म्हणतंय साडेतीन तास. उद्या पण गुरुवारच आहे. सकाळी लाईट जायच्या आत झालं पाहिजे.