काळ्या कागदावरचा सूर्य: ४० मिमीच्या दुर्बिणीतून

सूर्य रेखाटायला नव्याने बसलेल्याचा कागद लगेच ओळखू येतो: कडेचे प्रॉमिनन्स (बिंबाच्या कडेबाहेर उसळलेले, ज्वाळांसारखे दिसणारे वायूचे झोत) दुप्पट-तिप्पट उंच. काळ्या आभाळावर झळकणारी गोष्ट मोठीच भासते, त्यामुळे इथे डोळ्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवावा. काळ्या कार्डपेपरवर कंपासने १०० मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किमी, म्हणजे कागदावरचा १ मिमी जवळपास १४,००० किमी. अख्खी पृथ्वी त्या मिलिमीटरात बसते. ५०,००० किमी उंचीचा चांगला भरदार प्रॉमिनन्स म्हणजे फक्त साडेतीन मिमी. सेंटिमीटरभर काढलात तर तो १ लाख ४० हजार किमीचा झाला. असेही असतात, पण रोज नाही.

दुर्बीण ४० मिमीची, ४०० मिमी नाभीय अंतराची, हायड्रोजन-अल्फाचे, म्हणजे हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाचे, फिल्टर कारखान्यातच बसवलेली. ती ६५६.२८ नॅनोमीटरच्या आसपासचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडते. १० मिमीच्या आयपीसने ४० पट वर्धन मिळतं आणि पूर्ण बिंब आरामात मावतं. रेखाटनाला एवढं पुरे. वर्धन फार वाढवलं की प्रतिमा अंधारते आणि थरथरते. हा पट्टा किंचित सरकवणारी ट्यूनिंगची रिंग केसभरच फिरवायची. पृष्ठभागाचा पोत जिथे सर्वांत उठून दिसतो आणि प्रॉमिनन्स जिथे सर्वांत ठळक दिसतात, त्या दोन जागा बहुतेक दुर्बिणींत किंचित वेगळ्या असतात. दोन्हीकडे पेन्सिलीची खूण करून ठेवा.

गच्चीचा स्लॅब तापला की बिंबाची कड उकळल्यासारखी हलते. म्हणून सकाळी आठ ते दहा, आणि शक्यतो गवतावर. डोक्यावरून काळं कापड घ्या. त्याने गरम होतं, पण उजेड अडला नाही तर फिकट प्रॉमिनन्स दिसतच नाहीत.

रेखाटण्याआधी दिशा ठरवा. दुर्बीण स्थिर ठेवली की सूर्य सरकत जातो. जी कड आधी दृष्टिक्षेत्राबाहेर जाते ती पश्चिम. मग नळीचं तोंड किंचित ध्रुवताऱ्याच्या दिशेला ढकला. आता जी कड आधी बाहेर जाईल ती दक्षिण. उत्तर वर धरून पश्चिम उजवीकडे आली तर प्रतिमा सुलटी, डावीकडे आली तर आरशातली. साध्या वर-खाली, डावी-उजवी फिरणाऱ्या स्टँडवर बिंब तासागणिक कलत जातं, तेव्हा ही चाचणी दर बैठकीला करायचीच. पहिल्या कागदावरच्या खुणा दुसऱ्याला चालत नाहीत.

आता रेखाटन. पहिली दहा मिनिटं फक्त कडेसाठी, कारण प्रॉमिनन्स तेवढ्यातही रूप बदलू शकतो. पांढऱ्या चारकोल पेन्सिलीला टोक काढत राहा. बोथट टोकाचा ठिपकाच दोन पृथ्वींएवढा होतो. प्रॉमिनन्सची बाह्यरेषा ओढू नका. मुळाशी दाट आणि वर विरळ असे हलके फटकारे द्या. मग कापसाच्या बोळ्याने पांढरी भुकटी बिंबावर पातळ पसरा. फिलामेंट काळ्या पेन्सिलीने, शेवटी. हे फिलामेंट म्हणजे प्रॉमिनन्सच, फक्त बिंबासमोर आल्यामुळे काळे दिसतात. म्हणून कडेवर अर्धा बाहेर, अर्धा आत असा एखादा सापडला तर त्याच्यावर वेळ खर्च करा. डागांभोवतीचे उजळ पट्टे पेन्सिल दाबून भरा. लाल रंग भरायचा मोह टाळा, त्याने नोंदीत काहीच भर पडत नाही.

वेळ सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही लिहा, आणि जागतिक वेळेत लिहा: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. १ सप्टेंबर १८५९ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन प्रक्षेपित प्रतिमेवरून डाग रेखाटत असताना त्यांना जो झळाळ दिसला तो पाचेक मिनिटांतच विरला. मिनिटाची नोंद नसती तर पृथ्वीवरच्या चुंबकमापकांच्या नोंदींशी तो जुळवता आला नसता.

प्रतिमा वर्षागणिक अंधुक, ठिपकेदार होत गेली तर बहुधा आतल्या एखाद्या फिल्टरवर दमटपणाने पुटं चढलेली असतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. फिल्टर घरी उघडू नका. उलट, प्रतिमा अचानक उजळली किंवा पांढरट झाली तर डोळा तत्काळ बाजूला. आणि जुन्या दुर्बिणींबरोबर येणारी, आयपीसला बसवायची ती काळी सूर्यकाच सरळ फेकून द्या: ती नाभीजवळच्या उष्णतेने तडकते, तेही डोळा लावलेला असताना.

रेखाटन संपल्यावर, आधी नव्हे, त्याच दिवसाची गाँग (GONG) या जगभर पसरलेल्या सौरवेधशाळांच्या जाळ्याची हायड्रोजन-अल्फा प्रतिमा उघडा. या जाळ्याचं एक केंद्र उदयपूरला आहे, म्हणजे आपल्या सकाळच्या वेळेचीच प्रतिमा मिळते. प्रॉमिनन्सची जागा १० अंशांपेक्षा जास्त चुकली असेल तर दोष हाताचा नसून बहुधा दिशाचाचणीचा असतो.