ब्रेव्हे कार्डं तपासताना

आजचा अख्खा दिवस २०० आणि ६०० किमी बीआरएमची (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची) ब्रेव्हे कार्डं, म्हणजे रायडरच्या वाटेतल्या नोंदींची कार्डं, तपासण्यात गेला. दमून शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे नोंद करायच्या थांब्यावर, पोचलेले रायडर नेमकी स्वतःची सही विसरतात. सही नसेल तर कार्ड अडकतं, म्हणून ते हातात घेतल्याबरोबर आधी तीच जागा बघायची.

दुसरी कटकट वेळेची. सकाळी ६ ला सुटलेल्या २०० चा १०० किमीवरचा कंट्रोल १२:४० ला बंद होतो, फिनिश १९:३० ला. कार्डावर नुसतं '७:१०' असेल तर सकाळ की संध्याकाळ? वेळ २४ तासांच्या घड्याळानेच लिहा. ६०० ला ४० तास मिळतात, मध्ये रात्र जाते, त्यामुळे तारीखही हवीच.

कंट्रोलवर पोचल्याचा पुरावा म्हणून घेतलेल्या एटीएमच्या पावतीवर ठिकाण आणि वेळ दोन्ही वाचता यायला हवं. थर्मल कागद उन्हाने, घामाने पुसट होतो, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा. कार्ड झिपलॉकमध्ये आणि पेन बॉलपेन. जेलची शाई पहिल्याच सरीत पसरते.

निकाल पॅरिसला, या राइडना मान्यता देणाऱ्या ऑदाक्स क्लब पारिझियँकडे जातो. तिकडून मान्यतेचा नंबर आला की तो कार्डावर चढवायचा, नाव पुन्हा ताडून पाहायचं आणि मगच कार्ड परत द्यायचं. थोडा धीर धरा मंडळी!