गिझर खरंच किती वॅट घेतो? व्होल्ट-अँपिअरवरून काढलेला हिशेब

१५ लिटरचा गिझर, प्लेटवर २००० वॅट, २३० व्होल्ट. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, अशी तक्रार. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो कॉइल (पाणी तापवणारा भाग) बदलण्याचा. मी आधी मोजायचं ठरवलं.

प्लेटवरूनच सुरुवात केली. २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर, २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.४ ओहम. कॉइल धड असेल तर याच्या आसपास रोध यायला हवा. प्लग काढून, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की कॉइल बंद करणारा स्विच, चालू ठेवून (बंद असेल तर मीटर ‘ओपन’, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवतो आणि चांगली कॉइल जळाली असं वाटतं) प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांवर मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजला लावला. त्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून पाहिले तर ०.४ ओहम आले. हा प्रोबच्या वायरींचा रोध, तो वजा करायचा. राहिले २६.१. कॉइल ठीक. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे ‘ओपन’ आलं. एवढ्यावरून इन्सुलेशन पक्कं आहे असं मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लागतो.

आता चालू गिझरची मोजणी. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा मिटवून करंट मोजणारा) गिझरच्या तीन-तारी केबलभोवती लावला तर शून्य दाखवतो, कारण फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना खोडतात. म्हणून १६ अँपिअरचा प्लग, १६ अँपिअरचं सॉकेट आणि मध्ये २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन सुट्या वायरी अशी फूटभर लांबीची लीड केली. प्लगच्या बाजूला डबीत कनेक्टर पट्टी ठेवली, म्हणजे व्होल्टेज तिथे मोजता येतं. क्लॅम्प एकट्या फेजवर, जबडा पूर्ण मिटलेला, वायर मधोमध. मल्टीमीटरचा १० अँपिअरचा जॅक या कामाला वापरू नये. स्वस्त मीटरमध्ये त्या जॅकला फ्यूज नसतो, आणि प्रोब त्याच जॅकमध्ये राहून व्होल्टेज मोजायला गेलात तर थेट शॉर्ट सर्किट होतं.

टाकी भरलेली आहे याची खात्री करून गिझर लावला. करंट ८.२ अँपिअर, त्याच क्षणी व्होल्टेज २१८. दोन्ही आकडे एकाच वेळचे आणि लोड चालू असतानाचे हवेत. गिझर बंद असताना तिथेच २२६ दिसत होते. ते धरले असते तर पॉवर ६५ वॅटने फुगली असती.

रोध = २१८ ÷ ८.२ = २६.६ ओहम. पॉवर = २१८ × ८.२ = १७८८ वॅट. तापल्यावर कॉइलचा रोध किंचित वाढतो, म्हणून २६.१ चे २६.६. बरेच जण इथे ‘करंटचा वर्ग गुणिले रोध’ करून पडताळा घेतात. तो पडताळा नव्हे. रोध त्याच दोन आकड्यांतून काढलाय, उत्तर तेच येणार. खरा पडताळा घरच्या वीजमीटरवर मिळतो. माझ्या मीटरवर ३२०० पल्स म्हणजे १ युनिट असं छापलंय. घरातलं बाकी सगळं बंद करून एका मिनिटात ९५ वेळा लाल दिवा लुकलुकला: ९५ × ६० ÷ ३२०० = १.७८ किलोवॅट. जुळलं.

२००० चे १७८८ झाले, त्याला कारण व्होल्टेज. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज ५ टक्के उतरलं की पॉवर १० टक्के उतरते. १५ लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला २००० वॅटला पावणेसोळा मिनिटं लागतात, १७८८ ला साडेसतरा. (कॉइलवर क्षार बसले की गिझर लाईट जास्त खातो, हे मात्र खरं नाही. क्षारांमुळे कॉइल जास्त तापून लवकर जळते. करंट तेवढाच राहतो.)

मग तोच मल्टीमीटर घेऊन वायरमनकडून डीबीचं (घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीचं) झाकण उघडून घेतलं आणि गिझर चालू असताना त्याच्या एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) आउटगोइंगला व्होल्टेज मोजलं: २२४. म्हणजे डीबी ते लीड ६ व्होल्ट गळतात. मीटर दोन-तीन व्होल्टने चुकत असला तरी दोन्ही वाचनं त्याचीच, त्यामुळे फरक भरवशाचा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ०.००७४ ओहम, १५ मीटर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.२२ ओहम, म्हणजे १.८ व्होल्ट. उरलेले ४ व्होल्ट कुठल्यातरी एका सांध्यावर पडत होते. ४ × ८.२ = ३३ वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता भिंतीतल्या सॉकेटमध्ये!

मेन बंद करून सॉकेट उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरीचं इन्सुलेशन तपकिरी, प्लॅस्टिक पिवळं, गिझरच्या प्लगची एक पिन काळी. गरम झाली की सॉकेटमधली पितळी पकड ढिली पडते, ढिली झाली की रोध आणखी वाढतो. घासून पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. सॉकेट आणि प्लग दोन्ही नवे घातले, वायरीचा जळका भाग कापला. डीबीत २२४, लीडवर २२२, करंट ८.३, पॉवर १८४३ वॅट.

हाच गुणाकार पंख्यावर चालत नाही. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यावर येतात ते व्होल्ट-अँपिअर. वॅट त्याहून कमी असतात. एलईडी दिव्यातही असंच, फक्त कारण वेगळं. अशा उपकरणांसाठी वीजमीटरचे पल्स मोजावेत. पंख्याचा भार कमी असल्याने दहा-पंधरा मिनिटं मोजत बसावं लागतं.